आधी आधार, मग निराधार

मला माणसं ओळखता येत नाहीत. कागद ओळखता येतात. हा दोष असेल, तर त्या दोषाबद्दल मला गेली वीस वर्षं दरमहा पगार मिळतो आहे. माझ्या बारशाला जेवून गेलेले शेजारचे गुरुजी एका नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आमच्या काउंटरवर आले, तेव्हा सवयीनं मी काचेआडून म्हणालो, "ओळखीचा पुरावा?" गुरुजींनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुला हातच्याची वजाबाकी मी शिकवली." मी म्हणालो, "ते खरं आहे गुरुजी, पण ते सिस्टिममध्ये दिसत नाही." गुरुजी मुकाट्यानं घरी गेले आणि कार्ड घेऊन परत आले. ऑटोला त्यांचे साठ रुपये गेले. त्या दिवशी मला काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते पुढे, मावशींच्या निमित्तानं.

मावशी म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी. आईच्या वेळेपासूनच्या. मूळ घाटंजीकडच्या, तिशीपर्यंत लोकांच्या वावरात कापूस वेचला, नवरा गेल्यावर यवतमाळला आल्या आणि वाघाडीच्या काठच्या एका वस्तीत राहिल्या. मूलबाळ नाही. त्यांचं नाव मी इथं देत नाही, कारण त्यांना चार नावं आहेत आणि एक दिलं तर बाकीची तीन रागावतील. माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, रेशनकार्डावर दुकानदाराला ऐकू आलं ते तिसरं आणि मतदार यादीत कुणालाच ऐकू आलं नव्हतं ते चौथं. वय विचारलं तर म्हणतात, "मोठा दुष्काळ पडला तवा मी चालत होती." आता चालत होती म्हणजे पायानं चालत होती की शाळेत चालत होती, हे विचारायची सोय नाही, कारण शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत. गेल्या असत्या तर निदान जन्मतारीख मिळाली असती. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जून किंवा १ जुलैला झालेला आहे. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला, की गुरुजी त्याला सहा वर्षांचा जाहीर करीत. त्या एका तारखेवर लोक पुढे नोकरीला लागले, निवृत्त झाले आणि पेन्शन घेऊन मेले. कुणी हरकत घेतली नाही.

नावाच्या बाबतीत आम्ही यवतमाळकरांनी मावशींना नावं ठेवू नयेत. आमचा जिल्हाच १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. इंग्रजांनी मग त्याचं नाव बदललं आणि स्पेलिंग असं केलं, की वाचणारा 'येओतमाल' म्हणेल. उद्या खुद्द जिल्हा जर खातं उघडायला माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तर नावातल्या बदलाचं राजपत्र आणि तहसीलदारासमोरचं प्रतिज्ञापत्र आणल्याशिवाय मी त्याला फॉर्मसुद्धा देणार नाही.

तर झालं असं. २२ जुलै २०२३ ला या जिल्ह्यात जो पाऊस कोसळला तो इकडची माणसं विसरायची नाहीत. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली, त्यांना काढायला हेलिकॉप्टर मागवावी लागली. शहरात वाघाडीचं पाणी वस्त्यांत शिरलं. मावशी शेजारणीचं पोर काखेत घेऊन वर आल्या आणि त्यांची पत्र्याची पेटी खाली गेली. त्या पेटीत रेशनकार्ड होतं, मतदान कार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता आणि २०१३ साली आधारसाठी नाव नोंदवल्याची पावती होती. ते आधार काही आलं नव्हतं. यंत्रानं दहाही बोटं तपासून पाहिली आणि एकही रेष वाचता येत नाही असं कळवलं. डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. मावशींना वाटलं, येईल पोस्टानं. दहा वर्षं त्यांनी पोस्टमनवर विश्वास ठेवला.

कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी अशीच पाण्यात गेली होती. त्या नाटकाच्या नावातलं 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण, आमच्या भाषेत केवायसी. बायको समोर उभी आहे, पोटात पोर आहे, आणि राजा म्हणतो आहे, पुरावा? आता आम्हाला इथं शकुंतला म्हटलं की आधी मूर्तिजापूरची छोटी गाडी आठवते, आणि तीही बंद पडली, ही गोष्ट वेगळी. पण पुराणातल्या शकुंतलेचं नशीब बरं. दुष्यंताला निदान शाप तरी होता. आम्हाला परिपत्रकं आहेत. आणि तिला माशाच्या पोटातून अंगठी काढून आणणारा एक कोळी भेटला. वाघाडीत एवढे मोठे मासे नाहीत.

पुढे मावशींचे गुडघे बसले आणि कामं सुटत गेली. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे फॉर्म भरायला साऱ्या गावातल्या बाया रांगेत उभ्या होत्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला बजावलं, "मावशींचं संजय गांधी निराधारचं तरी बघा." ही योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असलेल्या निराधार माणसाला आता महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. मावशी निराधार आहेत याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मी अर्धी रजा टाकली आणि त्यांना घेऊन एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता म्हटलं, "आधार आणा."

मावशी म्हणाल्या, "आधार असता त इथं कायले आली असती, बाप्पा?"

मी हसलो. खिडकीतला हसला नाही. नंतर विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की मावशींनी विनोद केलेलाच नव्हता.

आधार काढायला एका केंद्रावर गेलो. तिथं भिंतीवर चालणाऱ्या कागदांची मोठी यादी होती. पासपोर्ट चालतो. वाहन परवाना चालतो. पॅनकार्ड चालतं. मावशींनी ते सगळं मला वाचायला लावलं आणि विचारलं, "यातलं स्वस्त कोनतं?" यादीत एक नोंद होती: बँकेचं फोटो लावलेलं पासबुक. मी मनात म्हटलं, अरे, बँक तर आपलीच! दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत खातं उघडण्याच्या टेबलावर गेलो. तिथला सहकारी (चांगला माणूस, माझ्या डब्यातली भाजी खातो) म्हणाला, "आधार दे." म्हणजे केंद्र म्हणे पासबुक आणा, बँक म्हणे आधार आणा, कचेरी म्हणे दोन्ही आणा. मतदार यादी धुंडाळली. वस्ती बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर, अशी एक नोंद सापडली. लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' होतं. दुसऱ्या केंद्रावर सांगितलं, नगरसेवकाचं पत्र आणा. त्या काळात राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत निवडणुकाच झाल्या नव्हत्या, प्रशासक होते. माजी नगरसेवक होते भरपूर. ते हळहळले. पण 'माजी' हा शब्द शिक्क्यावर चालत नाही.

आमच्या शाखेतल्या एकाचा जावई न्यू जर्सीत असतो. त्याला तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर घ्यायला पासपोर्ट-व्हिसा वगैरे दाखवावा लागला, असं हे गृहस्थ मोठ्या कौतुकानं सांगत होते. ते नऊ आकडी नंबर १९३६ पासून आहेत. पण सुरुवातीची कित्येक वर्षं अर्जदार जे सांगेल ते लिहून घेऊन नंबर देत. पुरावे मागणं नंतरचं. उलट १९४६ ते १९७२ पर्यंत त्या कार्डावर छापलेलंच असे, की हे कार्ड ओळखीसाठी नाही. आपण पुढे गेलो. आपल्या आधारवर छापलंय की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की तो जन्मतारखेचाही पुरावा नाही. म्हणजे मी मी आहे एवढंच त्यानं सिद्ध होतं. मी कधी जन्मलो आणि कुठल्या देशाचा, त्यासाठी दुसरे कागद.

आता जरा भांडणाचं बोलतो, कारण त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

आधार कुणासाठी काढलं होतं? पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका आदिवासी बाईला दिला गेला. पंतप्रधान स्वतः हजर होते. ज्याच्यापाशी एकही कागद नाही त्याला एक कागद मिळावा, अशी कल्पना. त्यासाठी योजनेत एक सुंदर सोय होती: कागद नसेल तर एक ठरवून दिलेला परिचयदाता उभा राहायचा आणि म्हणायचा, मी यांना ओळखतो. मग २०१५ साली कुणीतरी माहितीच्या अधिकारात विचारलं, की या सोयीनं किती जणांना नंबर मिळाला? उत्तर आलं, त्र्याऐंशी कोटी पन्नास लाखांपैकी दोन लाख एकोणीस हजारांना. मी कॉमर्सचा आहे, हिशेब करून पाहिला. दहा हजारांमागे तीनसुद्धा भरत नाहीत. बाकी साऱ्यांनी आधीचे कागद दाखवूनच हा कागद मिळवला. आपल्याकडे ज्याच्या लग्नात चांदीची ताटं येतात त्यालाच आणखी एक घड्याळ मिळतं, त्यातला प्रकार.

आणि गंमत अशी की नियम वाईट नाहीत. २०१६ च्या आधार कायद्यात लिहिलंय, की स्त्रिया, म्हातारी माणसं, असंघटित मजूर, भटके यांच्या नोंदणीसाठी खास व्यवस्था करावी. त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे, की नंबर मिळाला नसेल तर माणसाला ओळख पटवायचा दुसरा मार्ग द्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पुन्हा स्पष्ट केलं, की ठसे उमटत नसतील तर बुबुळांवर नोंदणी करा, दोन्ही जमत नसेल तरी करा. कुणा सज्जन माणसानं रात्री दिवा लावून हे लिहिलं असणार. मग मावशींच्या वाट्याला ते का येत नाही?

याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच खुर्चीत बसलेलं आहे. मी जर चुकीच्या माणसाला आत घेतलं, तर मला मेमो मिळतो. चौकशी लागते, बढती अडते, बायको माहेरच्यांना सांगते. पण बरोबर माणसाला मी बाहेर काढलं, तर मला काय होतं? काहीही होत नाही. वीस वर्षांत, 'तुम्ही अमुक दिवशी एका खऱ्या बाईला परत पाठवलंत, खुलासा करा' असा मेमो मी एकदाही पाहिला नाही. दिलेल्या खात्याचं ऑडिट होतं. न दिलेल्या खात्याचं ऑडिट कोण करणार? तेव्हा शहाणा कारकून काय करील? 'उद्या या' म्हणेल. हा जुलमीपणा नाही हो, हा नुसता जीव सांभाळणं आहे. फरक इतकाच, की सांभाळला जातो तो आमचा.

तुम्ही आत यायला ओळखीचा, पत्त्याचा, जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, असे कागद आणता. आणि आम्ही 'नाही' म्हणायला कोणता कागद देतो? कुठलाच नाही. तोंडी. मान वर न करता. २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं असं आहे, वर अपील आहे. पण खिडकीतला माणूस त्याहून हुशार. तो अर्ज फेटाळतच नाही. तो घेतच नाही. जो घेतला नाही तो फेटाळला कसा?

म्हणून माझी मागणी फार लहान आहे. प्रत्येक खिडकीवर नकाराचं एक पुस्तक ठेवा. आमच्या बँकेत स्लिप-बुक असतं तसं, दोन प्रती, मधे कार्बन. 'श्रीमती अमुक यांना आज परत पाठवले. कारण हे. नियम क्रमांक हा. परत पाठवणाऱ्याचं नाव आणि सही.' वरची प्रत बाईला, खालची वर्षअखेरीला ऑडिटला. बस्स. माझा अनुभव सांगतो, कारकुनाला स्वतःची सही करायची म्हटली की तो नियम वाचायला लागतो. आणि नियम वाचला की निम्म्या वेळा त्याला कळतं, की 'नाही' म्हणायला नियमच नाही.

कुणी म्हणेल, मग बोगस लोक घुसतील. घुसतील ना! पण ज्याला घुसायचं असतं त्याचे कागद अतिशय चोख असतात. माझ्या आजवरच्या नोकरीत ज्या एका कर्जाच्या फाइलीत एकही त्रुटी नव्हती, स्पेलिंगसुद्धा नाही, तीच बुडाली. खऱ्या माणसाचे कागद मळलेले असतात, नावात 'बाई' कधी असते कधी नसते, 'राव' एका कार्डावर येतो आणि दुसऱ्यावरून जातो. कागदांचं एकमेकांशी तंतोतंत जुळणं हाच मला आताशा संशय घेण्याचा मुद्दा वाटतो. पण हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना बोललो नाही.

आणि परिचयाचंही सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या फॉर्मवर एक रकाना असे: 'ओळख देणाऱ्याची सही.' खातेदार नव्या माणसाला घेऊन यायचा, म्हणायचा, हा आमच्या आळीतला, सही ठोकायचा. त्यातही घोटाळे होते, नाही असं नाही. काही महाभाग चहावर सह्या विकत. २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेचं केवायसी आलं आणि मग हळूहळू तो रकाना गेला. गेला तो ठीक. पण त्याबरोबर 'मी यांना ओळखतो' हे वाक्यच बँकेतून गेलं. मावशींना मी पंचवीस वर्षं ओळखतो. माझ्या मुलीला पहिला जुलाब झाला तेव्हा साखरमिठाचं पाणी त्यांनी पाजलं. हे लिहायला आता कुठल्याच फॉर्मवर जागा नाही. मी, सरकारमान्य बँकेचा कायम कर्मचारी, दररोज लाखो रुपये मोजतो. पण ही बाई ती बाई आहे, एवढं म्हणण्याइतकी माझी किंमत नाही.

शेवटी मार्ग निघाला तो डोळ्यातून. मावशींचा मोतीबिंदू ज्यांनी काढला होता ते सरकारी डॉक्टर राजपत्रित अधिकारी निघाले. त्यांच्याकडे ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन गेलो आणि दबकत विचारलं, तुम्ही यांना ओळखता असं लिहाल का? डॉक्टर म्हणाले, "मी यांच्या डोळ्याच्या आत पाहिलंय. याहून जास्त काय ओळखायचं?" आणि सही केली. त्या प्रमाणपत्राची मुदत तीन महिने; माणूस तीन महिन्यांहून अधिक काळ तोच राहील याची खात्री सरकारला नसावी. ते घेऊन तिसऱ्या केंद्रावर गेलो. तिथं एक विशीतला पोरगा होता. बोटं उमटेनात तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मावशी, जोरात दाबा ना!"

मावशी म्हणाल्या, "किती दाबू? बोट घसलं ना बापू. तीस वरसं या भाऊच्याच घरचे भांडे घासले."

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी भिंतीवरची यादी वाचू लागलो.

पोरानं मग स्वतःच कुठंसं बघून ठसे सोडून दिले आणि बुबुळं घेतली. पावती दिली. आधार बारा आकडी असतं. ते मागितल्याच्या पावतीवर तारीख-वेळेसकट अठ्ठावीस आकडे असतात. आता वरून पडताळणी होईल, मग येईल. मावशींनी ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, गाठ पदरात बांधली. पेटीवर त्यांचा विश्वास राहिलेला नाही.

तोवर मी आमचीच नियमावली चाळत होतो. वीस वर्षांत पहिल्यांदा, नोकरीची शप्पथ. तिच्यात निघालं, की ज्याच्यापाशी एकही अधिकृत कागद नाही त्यालाही 'छोटं खातं' उघडता येतं. फोटो, सही नाहीतर अंगठा, आणि तो आपल्यासमोर केला असं अधिकाऱ्यानं लिहून द्यायचं. शिल्लक पन्नास हजारांच्या आत, वर्षाचा भरणा एक लाखाच्या आत, महिन्याला दहा हजारांवर काढायचे नाहीत. परदेशातून आलेली रक्कम या खात्यात घेता येणार नाही; हे मी मावशींना मुद्दाम समजावून सांगितलं, त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. मुदत बारा महिने. निराधारचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच यायचे, त्यामुळे ते काही यात येणार नाहीत. पण पदरच्या गाठीतले साडेचार हजार तरी कोरडे राहतील.

डबेवाल्या सहकाऱ्याला नियम दाखवला. त्यानं तो तीनदा वाचला. "असं कधी कुणी मागितलंच नाही," म्हणाला. मी विचारलं, "आपण कधी कुणाला सांगितलं?" तो फॉर्म शोधायला गेला.

२०२४ च्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मावशी आल्या. काचेच्या पलीकडच्या स्टुलावर बसल्या. घरात कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. मी शाईचं पॅड पुढे केलं. डावा अंगठा. उमटला तो नुसता काळा गोल, आत रेष म्हणून नाही. अधिकारी म्हणाले, "हे काय?" मी म्हणालो, "नियमात अंगठा म्हटलंय साहेब. रेषा म्हटलेल्या नाहीत." त्यांनी नियम वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि खाली सही केली. मावशींनी अंगठा पुसायला फडकं मागितलं. काउंटरवर पडलेला शाईचा डागही त्यांनी जाता जाता पुसून टाकला.